बेसूर आणि कणसूर

गिटार सुरात राहत नाही अशी तक्रार केली की साधारण दोन उत्तरं मिळतात. पहिलं, ‘नवीन घे.’ दुसरं, ‘असंच असतं रे.’ पहिलं उत्तर महाग असल्यामुळे आपण त्याच्याकडे जरा संशयाने बघतो. दुसरं फुकट असतं, शिवाय त्याला अनुभवी माणसाच्या शहाणपणाचा वास असतो, म्हणून ते लगेच पटतं. मला या दुसऱ्या उत्तराबद्दल बोलायचं आहे. ‘असंच असतं’ हे वाक्य कधी खरं असतं, कधी नुसता आळस असतो, आणि ते म्हणायचा हक्क माणसाला नेमका केव्हा मिळतो?

प्रश्न गिटारपुरता वाटेल. पण हेच वाक्य आपण घरच्या माणसांबद्दल, ऑफिसातल्या कामाबद्दल आणि सगळ्यात जास्त स्वतःबद्दल वापरत असतो. तिथे ते खरं आहे की नाही हे तपासायला फारशी साधनं नसतात. गिटारच्या बाबतीत मात्र ते तपासता येतं. फोनमधला फुकटचा ट्यूनर, एक पेन्सिल, एक स्क्रू-ड्रायव्हर, सुती फडकं आणि तासभर वेळ, एवढं पुरतं.

मराठीत या तपासासाठी दोन चांगले शब्द आहेत. बेसूर म्हणजे सूर सुटलेला, कुणालाही कळेल इतका. कणसूर म्हणजे कणभर हललेला, कान असलेल्याला बोचणारा. गाणाऱ्यांच्या बोलण्यात हे दोन्ही दोषच आहेत, एक मोठा आणि एक छोटा. पण गिटार उघडून बसलं की लक्षात येतं, इथे फरक फक्त मापाचा नाही. इथला बेसूरपणा बहुतेक वेळा दुरुस्त होतो. कणसूरपणाचा एक भाग मात्र कधीच जात नाही, आणि तो कुणाचाही दोष नसतो. कुठला भाग कुठे संपतो हे समजून घेणं, एवढंच या लेखाचं काम.

संशयाचा क्रम

सुरुवात तारांपासून करायची, कारण त्याच सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वेळा दोषी असतात. जुन्या तारेवर घाम, गंज आणि मळ साचतो, फ्रेटवर घासून ती जागोजागी चपटी होते. तारेचं वजन सगळीकडे सारखं राहिलं नाही की मोकळी तार सुरात असूनही दाबलेला स्वर चुकतो. अशा तारेला कितीही पिळलं तरी उपयोग नाही, ती बदलायची. नवीन तारेचा त्रास वेगळा. खुंटीभोवतीचे वेढे बसेपर्यंत ती उतरत राहते. म्हणून तार चढवल्यावर ती बाराव्या फ्रेटजवळ बोटांनी हळूच उचलून ताणायची, पुन्हा सुरात आणायची, असं चार-पाच वेळा करायचं. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात, तेही एकाखाली एक, एकमेकांवर चढलेले नाहीत असे.

मग सूर लावण्याची पद्धत. खुंटीच्या आत छोटं वर्म गिअर असतं आणि त्याच्या दात्यांमध्ये थोडी मोकळी जागा असते. तार चढी झाली म्हणून आपण खुंटी उलटी फिरवून बरोबर स्वरावर थांबलो, तर ती मोकळीक तशीच राहते आणि वाजवताना तार ती हळूहळू वापरून टाकते. म्हणून स्वराच्या खाली जायचं आणि खालून वर येत स्वरावर थांबायचं. याला एक पैसाही लागत नाही, आणि कितीतरी ‘सुरात न राहणाऱ्या’ गिटार एवढ्यानेच सुधारतात.

तिसरा संशयित नट. गिटारच्या मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, सहा खाचांची जी छोटी पट्टी असते ती. सूर लावताना ‘टिंग’ असा बारीक आवाज येतो का ते ऐका. खुंटी फिरवतोय तरी काही काळ स्वर हलत नाही, आणि मग एकदम उडी मारतो, असं होतं का? म्हणजे तार खाचेत अडकते आहे. आपण फिरवलेला ताण खुंटी आणि नट यांच्या मधल्या तुकड्यात साठून राहतो, वाजणाऱ्या भागापर्यंत पोचतच नाही. मग गाण्याच्या मध्यावर एखादी तार जोरात छेडली जाते, अडकलेला ताण सुटतो आणि ट्यूनरने दिलेला हिरवा दिवा खोटा ठरतो.

यावरचा उपाय शाळेच्या कंपासपेटीत असतो. तार बाजूला करायची, मऊ शिशाच्या पेन्सिलीचं टोक खाचेत नीट घासायचं, तार परत बसवायची. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचे एकमेकांवरून घसरणारे थर. त्यावर तार सरकायला लागते.

गंमत अशी की हा सगळा दोष सहसा खुंट्यांच्या माथी मारला जातो. तार उतरली, खुंटी सैल आहे, खुंट्या बदला. वास्तविक वर्म गिअरची रचनाच अशी, की खुंटी फिरवून तार ओढता येते, पण तारेच्या ताणाने खुंटी उलटी फिरत नाही. दाते झिजलेले किंवा स्क्रू ढिले नसतील तर खुंटी बिचारी जागेवरच असते. तरी आळ तिच्यावर येतो, कारण आपला हात तिच्यावर असतो आणि ती डोळ्यांना दिसते. नटची खाच दिसत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथेही एखादी गोष्ट बिघडली की पहिला संशय तिला शेवटचा हात लावणाऱ्यावर जातो. बहुतेक वेळा बिघाड दोन-तीन पायऱ्या मागे, कुणी बघत नाही अशा ठिकाणी असतो. म्हणून तपासाचा एक साधा नियम पाळावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परत ऐकायचं. तारा, खुंट्या आणि नट एकदम बदलून गिटार सुधारली, तर आनंद होतो, पण दोष कुणाचा होता हे कळत नाही. निर्दोष असलेल्यावरचा आळ मग कायम राहतो.

न दिलेला तास

स्वस्त गिटार स्वस्त का असते? लाकूड साधं असतं, सुटे भाग साधे असतात, हे खरंच. पण आणखी एक कारण आहे आणि ते कमी सांगितलं जातं. कारखान्यातून निघताना तिच्यावर शेवटचा तासभर कुणी खर्च केलेला नसतो. नटच्या खाचा योग्य खोलीपर्यंत घासणं हे हाताचं, सावकाश करायचं काम आहे. खाच जास्त खोल गेली तर तार फ्रेटवर घरघरते आणि नट वाया जातो. म्हणून घाऊक उत्पादनात खाचा उथळच ठेवणं सोयीचं पडतं. उथळ खाच पुढे कुणीतरी खोल करील, खोल झालेली मात्र परत भरून येत नाही. आपण दुकानातून गिटार आणतो तेव्हा तो ‘कुणीतरी’ म्हणजे आपण असतो, पण हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं.

खाच उथळ म्हणजे नटजवळ तार उंच. पहिल्या फ्रेटवर तार दाबायची तर तिला बरंच खाली यावं लागतं, त्यात ती ताणली जाते आणि स्वर चढतो. बाराव्या फ्रेटपर्यंत जाताजाता हा परिणाम विरत जातो. आता नवीन शिकणारा कुठे वाजवतो बघा. सी, डी, जी, ए मायनर, ई मायनर, आणि छळणारी एफ. सगळ्या कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटच्या आत. सराईत वादक वर जाऊ शकतो, बोटांचा दाब हलका ठेवू शकतो, चढा स्वर कानाने सांभाळून घेऊ शकतो. नवखा तिथेच अडकलेला असतो, शिवाय घाबरून जरुरीपेक्षा जास्त जोरात दाबतो, त्यामुळे स्वर आणखी चढतो. म्हणजे दोष नेमका त्याच्या वाट्याला येतो, ज्याला तो दोष आहे हे ओळखता येत नाही.

मग तो काय समजतो? ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो आहे, म्हणजे गिटार सुरात आहे. तरी एफ वाईट वाजते आहे, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय. बोटं दुखतात, कॉर्ड वाजत नाही, शेजारचा पोरगा तीच कॉर्ड सहज वाजवतो. दोन महिन्यांनी निष्कर्ष निघतो, ‘आपल्याला कान नाही.’ गिटार कपाटावर जाते. किती गिटार कपाटांवर आहेत हे मोजलेलं मला माहीत नाही, पण ‘आपल्याला कान नाही’ असं म्हणणाऱ्या किती जणांची गिटार कुणी तपासली होती, हे विचारून बघा.

खरं काय ते कळायला दोन मिनिटं लागतात. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तारेखाली किती फट उरते ते बघा. केसाएवढी असेल तर नट ठीक आहे. चांगली ठसठशीत फट असेल तर नट उंच आहे. आणखी एक खात्रीचा मार्ग म्हणजे कॅपो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, मोकळ्या तारा पुन्हा सुरात घ्या आणि त्याच कॉर्ड वाजवा. आता नटची जागा फ्रेटने घेतली. कॉर्ड अचानक गोड वाजू लागल्या तर दोषी नट होता. तुमची बोटंही नव्हती आणि तुमचा कानही नव्हता. उलट तुमचा कान चांगला होता म्हणूनच तुम्हाला त्रास होत होता.

नैतिक प्रश्न मला पहिल्यांदा इथे दिसतो. ‘स्वस्त गिटार आहे, असंच असणार’ या वाक्यात तिच्यासाठी न दिलेला तास लपलेला आहे. आपण वस्तूच्या किमतीवरून तिची लायकी ठरवतो आणि मग त्या लायकीचं कारण देऊन तिची काळजी घेणं टाळतो. हे फक्त वस्तूंच्या बाबतीत होत नाही. कुणावर कधी वेळ खर्च केला नाही, नीट शिकवलं नाही, आणि मग तो कसा कच्चाच आहे हे दाखवलं, असं वर्गात आणि ऑफिसात दोन्हीकडे चालतं. तो माणूस तसाच आहे की त्याच्यासाठी कुणी तास काढला नाही, हे विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल ‘असंच असतं’ म्हणता येत नाही.

परत फिरता येईल इतकंच

दुरुस्तीचा उत्साह चढला की उलट धोका सुरू होतो. सगळं आपणच करावं असं वाटायला लागतं. इथे मला एक नियम उपयोगी वाटतो. जे उलटवता येतं ते आधी करायचं, जे उलटवता येत नाही ते शेवटी, किंवा जाणकाराकडे.

पेन्सिल पुसता येते. तार परत सोडता येते. इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवरचं सॅडल स्क्रूने पुढे-मागे करता येतं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवायचा, मग तिथेच तार दाबून स्वर वाजवायचा आणि ट्यूनरवर दोन्ही ताडून बघायचे. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं म्हणजे तारेची लांबी वाढते, उतरा असेल तर पुढे आणायचं. चुकलं तर स्क्रू परत फिरवायचा. पण नटची खाच कानस घेऊन खोल केली, तर ती मागे घेता येत नाही. तिथे वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे जावं. त्याच्याकडे त्या जाडीच्या कानशी असतात आणि मुख्य म्हणजे केव्हा थांबायचं हे त्याच्या हाताला माहीत असतं.

ट्रस रॉड या दोन्हींच्या मध्ये बसतो. गिटारच्या मानेच्या आत धातूची ही सळई असते आणि तारांच्या ओढीविरुद्ध ती मान सरळ ठेवते. तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान अंगाला मिळते तिथे दाबली, की सातव्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट असावी. फार जास्त किंवा अजिबात नसेल तर ॲलन कीने पाव वळसा, त्याहून जास्त नाही. मग गिटार दिवसभर तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी बघायचं. लाकडाला आपल्या घाईचं काही पडलेलं नसतं.

आपल्याकडे याला पावसाळ्याचीही बाजू आहे. जुलैत मुंबईत किंवा कोकणात गिटार खिडकीजवळ टांगलेली असेल, तर लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं. अकूस्टिक गिटारची वरची फळी थोडी उचलली जाते, तिच्याबरोबर ब्रिज उचलला जातो आणि तारा उंच होतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड परत आवळतं. पावसाळ्यात मानेला पिळून सरळ केलेली गिटार डिसेंबरात उलटी बिघडू शकते. तिला बॅगेत ठेवावं, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या, आणि बाकी ऋतू जाऊ द्यावा. लाकूड लाकडासारखं वागतंय. ते सांभाळून घ्यायचं असतं, त्याला सरळ करायचं नसतं.

जे उरतं

समजा हे सगळं झालं. तारा नवीन आहेत, नट योग्य आहे, मान सरळ आहे, बारावा फ्रेट बरोबर आहे. आता मोकळ्या सहा तारा ट्यूनरवर अचूक लावा आणि ई मेजर कॉर्ड सावकाश वाजवा. नीट ऐकलंत तर काहीतरी किंचित टोचेल. टोचणारा स्वर जी तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा, म्हणजे या कॉर्डचा गंधार.

मग स्वाभाविकच तुम्ही जी तार थोडी उतरवता. ई मेजर मधासारखी होते. आता जी मेजर वाजवा. मोकळी जी तार इथे मूळ स्वर म्हणून येते आणि सहाव्या तारेवरच्या जीशी तिला जुळायचं असतं. ती जुळत नाही, दोन स्वरांमध्ये सेकंदाला दीडेक लाट ऐकू येते. एका कॉर्डचा गोडवा दुसऱ्या कॉर्डच्या खात्यातून काढला गेला. कुठलीही तार कशीही लावा, सगळ्या कॉर्ड एकाच वेळी शुद्ध होत नाहीत. लाखभराच्या गिटारवरही नाही.

याचं कारण कारागिरीत नाही, अंकगणितात आहे. शुद्ध पंचम म्हणजे कंपनसंख्येचं ३:२ हे प्रमाण, आणि सप्तक म्हणजे २:१. बारा पंचम एकावर एक रचले, की सात सप्तकांवर पोचायला हवं. पण बारा पंचमांचा गुणाकार सुमारे १२९.७५ येतो आणि सात सप्तकांचा १२८. हे दोन कधीच एकत्र येणार नाहीत, कारण तीनचे सगळे घात विषम आणि दोनचे सगळे सम. प्रोग्रॅमिंग शिकताना पहिल्यांदा ०.१ आणि ०.२ यांची बेरीज बरोबर ०.३ येत नाही हे बघून जसा धक्का बसतो, तसंच हे आहे. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी लिहिताच येत नाही.

ही उरलेली फट कुठेतरी ठेवावीच लागते. युरोपातल्या एका जुन्या पद्धतीत बहुतेक स्वरमेळ फार गोड ठेवले जात आणि सगळी खोट एका पंचमात ढकलली जाई. तो पंचम इतका भेसूर लागे, की त्याला ‘लांडगा’ म्हणत. वादकाने त्या बाजूला फिरकायचंच नाही. दुसरा मार्ग म्हणजे खोट सगळ्यांत वाटून टाकणं. सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भागाचे शंभर सेंट. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली ल्यूट वाजवत. १५८१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी पडद्यांसाठी १८:१७ हे सोपं प्रमाण सुचवलं, म्हणजे प्रत्येक पडदा उरलेल्या तारेच्या अठराव्या भागावर. आजच्या गिटारला अठराऐवजी १७.८१७ हा आकडा वापरतात. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६.५ मिलिमीटरवर येतो. फ्रेट ही सहा तारांखालून जाणारी एकच सरळ पट्टी असल्यामुळे एका तारेचं भलं करायला ती सरकवली तर बाकीच्या पाच बिघडतात. तिथे वाटणीला पर्याय उरत नाही.

मराठी घरात वाढलेल्या कानाला ही वाटणी जरा जास्त जाणवू शकते. मिरजेत बनलेला चांगला तानपुरा जवारी लावून नीट जुळवला की न छेडलेला गंधार त्यातून आपोआप ऐकू येतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो. गिटारचा आणि पेटीचा गंधार ४०० वर. चौदा सेंटचा फरक. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. तिच्यावरच्या आक्षेपांत मींड निघत नाही हा एक आणि स्वर शुद्ध नाहीत हा दुसरा. आक्षेप खोटे नव्हते. पण तानपुऱ्याला ही शुद्धता परवडते, कारण तो एका षड्जावर बसून राहतो. सतारीचे पडदे बांधलेले असल्याने रागाप्रमाणे सरकवता येतात. गिटारला मात्र एका गाण्यात चार ठिकाणी घर करायचं असतं. ज्याला कुठेही जायचं असतं, त्याला कुठेच संपूर्ण शुद्ध असता येत नाही.

आणि ही वाटणी न्याय्य तरी आहे का? ‘समान’ हा शब्द ऐकून आपण निश्चिंत होतो. बारा पट्ट्यांमध्ये ती समान आहे हे खरं, कुणीही लांडगा राहत नाही. पण आत बघितलं तर पंचमाचं नुकसान जेमतेम दोन सेंटचं आणि गंधाराचं चौदाचं. सगळ्या घरांना सारखं वाटप, पण प्रत्येक घरात एकच जण सातपट सोसतो. मला ही व्यवस्था वाईट वाटत नाही, तिच्यामुळेच माझं आवडतं संगीत शक्य झालं. मात्र तिला ‘शुद्ध’ म्हणायला नको. ती तडजोड आहे आणि कोण काय सोसतंय हे माहीत असलेलं बरं. माहीत असलं की सावरताही येतं. जेम्स टेलरसारखा वादक सहाही तारा ट्यूनरच्या शून्यापेक्षा काही सेंट उतरत्या लावतो, प्रत्येक तार वेगळ्या मापाने. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी तर २२ श्रुतींची पेटी तयार केली. म्हणजे एकाने जिथे ‘असंच असतं’ म्हणून हात टेकले, तिथून दुसरा थोडा पुढे गेला.

हक्क कसा मिळतो

कुणी म्हणेल, शेवटी काही तरी कणसूर राहणारच असेल, तर नटमध्ये पेन्सिल घासत बसायचं कशाला? कारण दोन्ही प्रकार सारखे नाहीत. नटमध्ये अडकलेली तार कधी किती चुकेल याचा नेम नसतो. आज ही, उद्या ती. गंधाराचे चौदा सेंट रोज तेवढेच असतात, त्यांच्यावर विसंबता येतं, त्यांच्याभोवती वाजवायला शिकता येतं. दोष ओळखायच्या माझ्या खुणा दोन. काळजी घेतल्यावर जो बदलतो तो दोष. आणि जो उत्तमातल्या उत्तम गिटारमध्येही तेवढाच राहतो तो स्वभाव. पहिल्याला स्वभाव म्हणणं हा आळस. दुसऱ्याला दोष म्हणून पिळत राहणं हा छळ. जी तार सारखी पिळली जाते ती एक दिवस तुटते, आणि तेव्हाही आपण म्हणतो तार कच्ची होती.

कामाच्या ठिकाणी तक्रारीवर ‘हे माहीत आहे, दुरुस्त करणार नाही’ असा शेरा मारून ती बंद करता येते. शेरा प्रामाणिक असू शकतो, पण त्याच्याआधी कुणीतरी तो बिघाड स्वतः करून पाहिलेला असला पाहिजे. न बघता मारलेला तोच शेरा म्हणजे झटकून टाकणं. अक्षरं दोन्हीकडे तीच. ‘बाबा असेच आहेत’, ‘आमची टीम अशीच आहे’, ‘मी असाच आहे’ या वाक्यांचंही असंच. ती कधी स्वीकारातून येतात, कधी कंटाळ्यातून. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणणाऱ्याला मात्र कळतो, आपण आधी तास दिला होता की नव्हता ते.

माणूस गिटार नाही, त्याला ॲलन की लावता येत नाही, आणि लावायचा प्रयत्नही करू नये. पण क्रम उपयोगी पडतो. आधी स्वतःच्या बोटांचा दाब बघायचा. मग स्वस्त आणि उलटवता येण्याजोग्या गोष्टी करायच्या: विचारणं, थांबणं, ऋतू जाऊ देणं. जो समोर दिसतो त्याच्यावर लगेच आळ घ्यायचा नाही. आणि एवढं करून जे उरेल, त्याला वाईट म्हणायचं नाही.

आपल्याकडे गिटार बहुधा हातोहात जाते. मोठ्या भावाकडून धाकट्याकडे, दादाच्या मित्राकडून आतेबहिणीकडे, हॉस्टेल सोडणाऱ्याकडून नव्याने आलेल्याकडे. देणारा पाठ थोपटून म्हणतो, ‘जुनी आहे, थोडी बेसूर होते, असंच असतं.’ तुमच्याकडे अशी एखादी गिटार कपाटावर असेल आणि ती कुणाला द्यायचं मनात असेल, तर देण्याआधी एक तास तिच्यासोबत बसा. तारा बदला, खाचेत पेन्सिल फिरवा, पहिल्या फ्रेटवरची फट बघा, ठसठशीत असेल तर दुकानात नेऊन घासून आणा. मग दिल्यावर सांगा, ‘एवढं केलंय. आता ई मेजरचा गंधार किंचित टोचेल. तो तुझ्यामुळे नाही, गिटारमुळेही नाही.’ घेणाऱ्याला एवढं माहीत असलं, की पहिली एफ वाईट वाजली तरी तो स्वतःच्या कानावर आळ घेणार नाही.